काळ्या सायकलीला ७००सी चाकं आणि ४२ मिमीचे टायर

काळ्या सायकलीवर, म्हणजे रॉडब्रेकच्या जुन्या देशी रोडस्टरवर, आधुनिक चाकं चढवायची तर विचाराची सुरुवात ब्रेकपासून करावी. रॉडब्रेकमध्ये, म्हणजे केबलऐवजी लोखंडी सळयांनी चालणाऱ्या ब्रेकमध्ये, रबर रिमच्या आतल्या अंगावर, म्हणजे तारा निघतात त्या बाजूवर, ओढले जातात. वेस्टवुड पद्धतीच्या लोखंडी रिमला तिथे रबर टेकायला दोन गोलसर पट्टे असतात. आजच्या ॲल्युमिनियम रिमचा आतला भाग निमुळता असतो आणि ब्रेकची जागा बाजूंना असते. त्यामुळे रिम बदलली की पुढचा-मागचा दोन्ही रॉडब्रेक बाद. हे न ठरवता आधी रिम आणि टायर आणले की सायकल चाकांवर उभी राहते, पण थांबवायची सोय नसते.

हे काम केलं ती फ्रेम देशी बनावटीची, दांडीवाली, २२ इंची, मूळ चाकं २८ × १½. टीआय (१९४९), ॲटलस (१९५१), हिरो (१९५६) या कारखान्यांनी इंग्लिश रोडस्टरचाच साचा घेतला, म्हणून यातल्या बहुतेक फ्रेमची मापं एकमेकींच्या जवळपास येतात. तरीही प्रत्येक फ्रेम स्वतः मोजावी. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती कुठे आपटली, कुठे वेल्डिंग झालं, हे कागदावर सापडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्या सायकलीवर दुधाचे कॅन, सिलिंडर किंवा धान्याची पोती वाहायची आहेत, तिची चाकं बदलू नयेत. मागची ४० तारांची लोखंडी रिम आणि जाड तारा त्याच कामासाठी केलेल्या आहेत, आणि २८ × १½ चा टायर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. बदल करायचा तो माणसाने चालवायच्या सायकलीत, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण पावसाळा. ओल्या क्रोम रिमवर रबर जवळजवळ धरतच नाही. कोकणात किंवा मावळात जूनपासून सप्टेंबरपर्यंत सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता मापं. इंचातल्या आकड्यांवर अजिबात विसंबू नये. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ईटीआरटीओचा (टायर-रिमच्या मापांची युरोपीय पद्धत) आकडा असतो, तोच खरा. २८ × १½ म्हणजे ४०-६३५: रुंदी ४० मिमी, आणि टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिमी. ७००सी म्हणजे ६२२. गोंधळ असा की ६२२ च्या कित्येक टायरवरही ‘२८’ छापलेलं असतं, आणि २९ इंची एमटीबीचा (डोंगरी सायकलीचा) टायरही ६२२ च असतो. ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर सहज चढतो, कारण तो सैल असतो. हवा भरताना कड रिमबाहेर येते आणि ट्यूब फुटते. २६ इंचीतही तेच: २६ × १⅜ हा ५९०, आणि २६ × १.७५ हा ५५९.

६३५ वरून ६२२ वर आलो की रिमची त्रिज्या साडेसहा मिलिमीटरने कमी होते. टायर रुंद घेतला की त्याची उंचीही वाढते, त्यामुळे ही घट बरीचशी भरून निघते. मूळ चाकाची बाहेरची त्रिज्या ३१७.५ अधिक ४०, म्हणजे ३५७.५ मिमी. ६२२ वर ४२ चा टायर घेतला तर ३११ अधिक ४२, म्हणजे ३५३. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या क्रँकचा एक्सल बसतो ती फ्रेममधली नळी, फक्त साडेचार मिलिमीटरने खाली येतो, आणि काळ्या सायकलीचा बॉटम ब्रॅकेट मुळात उंच असल्यामुळे वळणावर पायडल घासत नाही. बरेच जण २७.५ इंची म्हणजे ५८४ ची चाकं सुचवतात. त्यांवर ५४ चा टायर बसवला तरी त्रिज्या ३४६ येते, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरने खाली. शिवाय ५४ चा टायर या फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात मावत नाही. म्हणून ७००सी.

टायर किती रुंद घ्यायचा हे फ्रेमची सगळ्यात अरुंद जागा ठरवते. मागे ती जागा बॉटम ब्रॅकेटच्या लगेच मागे, दोन चेनस्टेंच्या (तिथून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या नळ्या) मध्ये असते. टायर सगळ्यात रुंद असतो तो त्याच्या उंचीच्या मध्यावर, म्हणजे ४२ च्या टायरला एक्सलपासून साधारण ३३२ मिमीवर. मागच्या खाचेत एक्सल जिथे बसणार तिथून पुढे ३३२ मोजून दोन्ही चेनस्टेंवर खूण केली आणि व्हर्नियरने आतलं अंतर घेतलं: ५४ मिमी. दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी मोकळे हवेत, म्हणजे ४४ पर्यंत जाता येतं. ४७ चा टायर घेतला तर कडेला साडेतीन मिलिमीटरच उरतात. चाक थोडं आउट झालं, म्हणजे फिरताना डुलायला लागलं, किंवा एक्सल खाचेत जरा तिरका बसला की टायर रंग खरवडतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत तर ५ मिमीही कमी पडतात. ती माती टायर आणि चेनस्टेच्या मध्ये दाबली जाते आणि चाक जागच्या जागी थांबतं. तिकडे ३८ चाच टायर घ्यावा आणि पावसाळ्यात मडगार्ड उंच बसवावेत.

टायरवर छापलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी एक नसते. रिमची आतली रुंदी एक मिलिमीटरने वाढली की टायर ढोबळमानाने ०.४ मिमीने पसरतो. ४२ च्या टायरला १९ ते २५ मिमी आतली रुंदी चालते. इथे २१ ची दुहेरी भिंतीची रिम घेतली. नवा टायर हवा भरल्यावर दिवसभरात आणखी अर्धा-एक मिलिमीटर फुगतो, म्हणून मोकळी जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची.

हबकडे येऊ. मागचा जुना हब वापरता येत नाही, कारण या सायकलींची पुढची रिम ३२ तारांची आणि मागची ४० तारांची. आजच्या रिम ३२ किंवा ३६ भोकांच्या. ४० ची ॲल्युमिनियम रिम शोधत बसण्यात अर्थ नाही. मागे ३६ भोकांचा कोस्टर ब्रेकचा हब घेतला, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो तो. त्याचा मोठा फायदा मापाचा: एकेरी कोस्टर हबची लॉकनटपासून लॉकनटपर्यंतची रुंदी साधारण ११० मिमी असते, आणि या फ्रेमच्या मागच्या खाचांमधलं अंतर १११ भरलं. एक पातळ वायसर घातला की काम झालं, फ्रेम ताणावी लागली नाही. फ्रीव्हीलचा फ्लिप-फ्लॉप (दोन्ही बाजूंना चक्र बसणारा) हब घेतला असता तर १२० मिमीसाठी मागचा त्रिकोण उघडावा लागला असता आणि मागच्या ब्रेकचा प्रश्न तसाच राहिला असता. सीटस्टेंच्या (सीटखालून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या नळ्या) मधल्या आडव्या पट्टीला कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक, लावता येतो, पण रॉडब्रेकवाल्या फ्रेमची ती पट्टी त्या ओढीसाठी केलेली नसते.

पुढे दोन वाटा होत्या: लांब हाताचा कॅलिपर किंवा ७० मिमीचा ड्रम ब्रेक असलेला हब. कॅलिपरसाठी चिमट्याच्या (पुढचं चाक धरणारा फोर्क) मुकुटात, म्हणजे त्याची दोन पाती वर जुळतात तिथे, आरपार भोक लागतं, आणि भोकाच्या मध्यापासून रिमच्या बाजूच्या मध्यापर्यंतचं अंतर कॅलिपरच्या हातांनी गाठावं लागतं. काळ्या सायकलीत मडगार्डसाठी आधीच भरपूर जागा सोडलेली असते, त्यात साडेसहा मिलिमीटरची भर पडते. इतके लांब हात दाबताना लवचिक होतात आणि ब्रेक मऊ लागतो. शिवाय ४२ चा टायर त्या हातांमधून काढताना दर वेळी हवा सोडावी लागते. ड्रमचं घर्षण आतल्या आत, त्यामुळे पाणी, चिखल, रिमचा आउट यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. माझं मत पक्कं आहे: आपल्या पावसात रोडस्टरला पुढे ड्रमच हवा. डिस्क ब्रेकच्या भानगडीत पडूच नये. डिस्कचा सगळा जोर एकाच पात्याच्या खालच्या टोकावर येतो आणि हे बारीक चिमटे त्यासाठी बनलेले नाहीत.

ड्रम हबची रुंदी १०० मिमी आणि चिमट्याच्या टोकांमधलं अंतर ९२. हाताने ओढून चाक कोंबता येतं, पण तसं करू नये. टोकं फाकली की त्यांचे आतले पृष्ठ समांतर राहत नाहीत, नट कसताना एक्सल वाकतो, आणि हबमधले कोन (छऱ्यांना धरणारे शंकूसारखे नट) एकतर्फी झिजतात. चिमटा थंडच उघडायचा, गॅसची ज्योत लावायची नाही. हे फक्त लोखंडाला जमतं. चुंबक चिकटला नाही तर हात लावू नये. आधी मुकुटाजवळचा रंग खरवडून पितळी जोडाला तडा नाही ना ते पाहिलं. मग हार्डवेअरच्या दुकानातली १० मिमीची आट्यांची सळई, तिच्यावर दोन नट आणि जाड वायसर, असं जॅकसारखं टोकांच्या मध्ये बसवलं. नट फिरवत अंतर १०५ पर्यंत नेलं आणि सोडलं. लोखंड परत ओढून घेतं. माप ९३ वर आलं. पुढच्या खेपेला १०८, मग ११२, आणि प्रत्येक वेळी सोडून मोजायचं. एकदम लांब उडी मारली तर माप ओलांडलं जातं आणि परत दाबताना पातं कमकुवत होतं. १०० ला थांबलो.

सळईची अडचण ही की दोन पात्यांतलं जे नरम असतं तेच जास्त हलतं. म्हणून मध्य तपासावा लागतो. चिमटा उलटा करून स्टेअररच्या (मुकुटावरची, हँडलकडे जाणारी नळी) मध्यरेषेत एक सरळ नळी धरली आणि दोन्ही टोकांचं तिच्यापासूनचं अंतर घेतलं. डावं पातं दीड मिलिमीटरने जास्त सरकलं होतं. मुकुट लाकडी ठोकळ्यांमध्ये व्हाइसमध्ये धरून एका हाताने उजवं पातं बाहेर, दुसऱ्याने डावं आत, असं थोडं थोडं सरळ केलं. त्यानंतर टोकं समांतर करायची. दोन्ही खाचांत एकेक लांब बोल्ट नटांनी घट्ट बसवला, बोल्टची टोकं एकमेकांकडे. ती समोरासमोर, मध्ये केसभर फट ठेवून एका रेषेत आली पाहिजेत. एक वर आणि एक खाली दिसलं तर ते टोक पान्याने वाकवायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण हबचं आयुष्य यावरच ठरतं. मागे ताणायचं नसलं तरी हीच तपासणी केली, आणि हेड ट्यूबपासून दोन्ही मागच्या खाचांना वळसा घालून दोरा बांधून सीट ट्यूबपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजलं. एक मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो.

खाचेचा एक बारीक मुद्दा. जुन्या पुढच्या खाचा ८ मिमीच्या, नव्या हबचा एक्सल ९ चा. कानस लावायची ती खाचेच्या दोन्ही कडांना सारखी, आणि वरच्या गोल टोकाला जितकी एका बाजूला तितकीच दुसऱ्या बाजूला. एका बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त गेला तर चाक चिमट्यात तिरकं उभं राहतं आणि मग माणूस चाकाचा आउट काढत बसतो, चाक मात्र निर्दोष असतं. नटाखाली हूक असलेले वायसर घालावेत, म्हणजे नट सैल झाला तरी चाक निसटत नाही.

तारांची लांबी अंदाजाने घेऊ नये. रिमचा आतला व्यास, म्हणजे तार निपलमध्ये (रिमला तार धरणारा छोटा नट) जिथे संपते त्या समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर, स्वतः मोजायचा: दोन तारा २००-२०० मिमीला कापून निपलमध्ये बसवायच्या, समोरासमोरच्या भोकांत घालायच्या, ताणून मधली फट मोजायची आणि त्यात ४०० मिळवायचे. या रिमचा ६०० आला. मागच्या हबच्या कडीवरच्या (तारा अडकतात ती चकती) भोकांचा वर्तुळव्यास ६६, हबच्या मध्यापासून कडी २८ मिमीवर, तारांना तीन फुल्या, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना छेदते: लांबी २८५ मिमी. ड्रमची कडी मोठी, वर्तुळव्यास ९०, तेवढ्याच तीन फुल्यांना २८० लागली. एक-दीड मिलिमीटरचा फरक निपल सांभाळून घेतं, त्याहून जास्त नाही. तारा १४ गेजच्या स्टेनलेस, निपल पितळी. कोस्टर आणि ड्रम दोन्हींत ब्रेकचा जोर हबकडून तारांमार्फत रिमपर्यंत जातो, म्हणून फुल्यांशिवाय सरळ तारा भरायच्या नाहीत.

चाक भरताना निपलच्या आट्यांना तेलाचा थेंब लावला. सगळी निपल आधी सारखीच, आटे दिसेनासे होईपर्यंत फिरवायची, मग सगळ्यांना अर्धा-अर्धा फेरा. पहिल्यांदा वर-खालचा आउट, मग बाजूचा, मग रिम मध्यावर आहे का ते. मध्य तपासायला वेगळं हत्यार नसलं तरी चालतं: चाक चिमट्यात उलट-सुलट बसवून एकाच पात्यापासूनचं अंतर दोन्ही वेळा सारखं यायला हवं. शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने दाबायच्या. तारांमधला पीळ सुटतो, कटकट असा आवाज येतो आणि आउट थोडा बिघडतो. तो परत काढायचा. ही पायरी गाळलेलं चाक थोडं चाललं की सैल पडतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आत आउट आला की पुरे.

रिमला कापडी किंवा नायलॉनची पट्टी लागतेच. दुहेरी भिंतीच्या रिमला आत मोठी भोकं असतात. जुनी रबरी पट्टी दाबाखाली त्यांत घुसते आणि ट्यूब आतल्या बाजूने फुटते. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा घ्यावा. त्याला ८.५ मिमीचं भोक लागतं, आणि प्रवासात पेट्रोल पंपावर हवा भरता येते. हवेचा दाब ७०-७५ किलोच्या माणसासाठी पुढे ४०, मागे ५० पीएसआय ठेवला. टायरवर लिहिलेला कमाल दाब भरला तर रुंद टायर घेतल्याचा उपयोगच संपतो.

चेन तीच जुनी ½ × ⅛ ची जात. पुढे ४४ दात, मागे मूळ फ्रीव्हील १८ चं होतं, कोस्टरला २० चं लावलं. चाकाचा घेर आता सुमारे २.२२ मीटर, त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्याला साधारण ४.९ मीटर पडतात. एका गियरच्या जड सायकलीला हे सोसतं. चेन पुढून मागे सरळ रेषेत आहे का ते पट्टी लावून पाहावं. कोस्टरचं चक्र थोडं खोलगट असतं, ते उलटून बसवलं की रेषा काही मिलिमीटर आत-बाहेर होते. वायसर हलवण्यापेक्षा हे बरं, कारण वायसर हलवला की चाकाचा मध्यही परत काढावा लागतो.

दोन्ही हबना डाव्या बाजूला एक लोखंडी हात असतो. मागचा चेनस्टेला आणि पुढचा चिमट्याच्या पात्याला पट्ट्याने बांधला जातो. ब्रेक लागताना हब एक्सलसकट फिरू पाहतो, त्याला हाच हात अडवतो. पट्टा नळीच्या जाडीचाच हवा. सैल पट्ट्यात रबर भरून वेळ मारून नेली तर हात हळूहळू सरकतो, कोन आवळले जातात आणि चाक जड फिरायला लागतं. मागच्या एक्सलचे नट ३० ते ३५ न्यूटन-मीटरला कसले. चेनमध्ये बोटाने वर-खाली १० ते १२ मिमी ढील ठेवली. कोस्टरचा ब्रेक चेनमधूनच चालतो. चेन पडली की मागचा ब्रेक गेला. म्हणून पुढचा ड्रम शोभेचा नसतो, थांबवण्याचं मुख्य काम त्याचंच.

रॉडब्रेकचे रॉड, घोडे आणि लिव्हर काढल्यावर हँडलवर त्यांच्या खुंट्या उरतात. साधं २२.२ मिमीचं हँडल घेतलं आणि उजवीकडे ड्रमचा लिव्हर बसवला. केबलचं बाहेरचं कव्हर वळणात दुमडू नये इतकं लांब ठेवावं. मडगार्ड जुनेच राहिले. चाकाची त्रिज्या साडेचार मिलिमीटरने घटल्यामुळे वरची फट वाढली आणि तेवढा चिखलाला वाव मिळाला. मडगार्डची आतली रुंदी टायरपेक्षा किमान ८ मिमी जास्त असावी. तेवढी नसेल तर मडगार्ड बदलावा, टायर दाबून बसवू नये.

नव्या ड्रमचे पट्टे आणि घेर एकमेकांत बसायला वेळ लागतो, तोवर ब्रेक अर्धवटच लागतो. सपाट रस्त्यावर हलका ब्रेक लावत चालवावी. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर तारा, कोन, हातांचे पट्टे आणि एक्सलचे नट पुन्हा तपासावेत. या टप्प्यावर तारा थोड्या सैल होतातच, तो चाक भरणाऱ्याचा दोष नाही. दिवे घाट किंवा सिंहगडासारखा लांब उतार असेल तर कोस्टर सतत दाबून धरू नये. हब इतका तापतो की आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, आणि मग ब्रेक अचानक झटक्याने धरतो. पुढचा आणि मागचा आलटून पालटून वापरावा, मध्ये थांबून हब गार होऊ द्यावा, आणि असा उतार वारंवार उतरत असाल तर कोस्टर उघडून उष्णता सोसणारं ग्रीस वरचेवर भरावं.